वायफायची खूण भरलेली, पण नेट येतं-जातं: दोष नेमका कुठे आहे ते शोधण्याची रीत

मोबाइलवर वायफायची खूण भरलेली दिसते, पण पान उघडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं चित्र गोठतं, आवाज तुटत तुटत येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं आपोआप पूर्ववत होतं. राउटर बंद करून चालू केला की एखादा दिवस बरा जातो, मग पुन्हा तेच. वेगाची चाचणी घ्यावी तर आकडे झकास येतात, कारण चाचणी घेईपर्यंत नेट परत आलेलं असतं.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: राउटर बंद-चालू. तो लागू पडतो, आणि खरी अडचण तीच आहे. बंद-चालू केल्यावर एका दमात पाच-सहा गोष्टी बदलतात. सेवा देणाऱ्या कंपनीशी जोडणी नव्याने होते, राउटर दुसरा चॅनल निवडतो, घरातल्या उपकरणांना पत्ते पुन्हा वाटले जातात, चालू जोडण्यांची नोंद पुसली जाते, तापलेला डबा थोडा निवतो. यातल्या कशाने गुण आला हे कळायला मग मार्गच उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी नेट गेलं की राउटरला लगेच हात लावू नका. दोन मिनिटं फक्त बघा.

घरातल्या त्या एका डब्यात बहुधा चार यंत्रं एकत्र बसवलेली असतात. बाहेरून आलेली लाइन समजून घेणारा मोडेम किंवा (फायबर असेल तर) ओएनटी, पत्ते वाटणारा आणि वाहतूक वळवणारा राउटर, केबलींना जोडणारा स्विच आणि वायफायचा रेडिओ. मोबाइलवरची खूण यातल्या फक्त शेवटच्या यंत्राबद्दल बोलते. तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे, एवढंच ती सांगते. पुढची लाइन तुटली असली तरी खूण भरलेलीच राहते.

लक्षणं आधी नीट वाचा

घरातल्या सगळ्या उपकरणांवर, केबलने जोडलेल्या संगणकावरसुद्धा, नेट एकदम जात असेल तर दोष लाइनमध्ये, राउटरमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे. केबलवर ठीक आणि वायफायवर तुटतंय, तर दोष रेडिओचा. एकाच खोलीत तुटतं तर रेंजचा. एकाच उपकरणावर तुटत असेल तर राउटरला दोष देऊ नका. त्या उपकरणात हे नेटवर्क विसरायला सांगा, पुन्हा जोडा, आणि लॅपटॉप असेल तर वायफाय कार्डाची वीजबचत बंद करून बघा.

वेळेकडेही लक्ष द्या. ठरावीक तासांनी जात असेल तर पत्त्याची मुदत किंवा कंपनीकडची जोडणीची मुदत संपते आहे. कोणी फोटो किंवा व्हिडिओ चढवत असतानाच जात असेल तर ते तुटणं नाही, तुंबणं आहे. मायक्रोवेव्ह चालू असताना जात असेल तर कारण उघडच आहे: तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि वायफायचा जुना पट्टा तिथेच आहे. आणि वायफायचं नावच यादीतून गायब होत असेल तर दोनच मोठे संशयित उरतात: वीज किंवा रडार. रडारचं पुढे येईल.

पहिली तपासणी: दिवे

फुकट आहे, आणि नेट गेलेलं असतानाच करायची आहे. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही. घरातल्या कुठल्याही सेटिंगने तो विझणार नाही, तेव्हा थेट शेवटच्या भागाकडे जा. पॉन नावाचा दिवा स्थिर असायला हवा. तो लुकलुकत राहिला तर ओएनटीची पलीकडच्या यंत्राशी ओळख पटत नाही. हे दोन्ही ठीक, पण इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल, म्हणजे लाइन आहे पण लॉगिन झालेलं नाही.

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक करून लागत असतील तर डबा स्वतःच बंद-चालू होतोय. हे डोळ्यांनी पकडणं कठीण असतं. राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे अपटाइम, म्हणजे डबा सलग किती वेळ चालू आहे तो काळ, बघा. कोणी हात लावलेला नसताना तो तीन तासांचाच दिसला, तर बाकी सगळं सोडा आणि विजेकडे वळा.

दुसरी: ॲडॉप्टर आणि उष्णता

जुन्या ॲडॉप्टरवर जितका संशय घ्यायला हवा तितका कोणी घेत नाही. त्याच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून सुकत जातात. कमी भार असताना तो पूर्ण व्होल्टेज देतो. दोन्ही रेडिओ जोरात चालू झाले, चार-पाच उपकरणं एकदम काही मागू लागली, की क्षणभर व्होल्टेज खाली येतं आणि राउटर पुन्हा सुरू होतो. म्हणूनच हा दोष नेमका संध्याकाळी, सगळे घरात असताना दिसतो आणि लोक तो कंपनीच्या गर्दीच्या माथी मारतात. ॲडॉप्टर राउटरपासून काढून मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर दाखवेल. त्या आकड्यावर विसंबू नका, भार नसताना मोजलेलं इथे काही सिद्ध करत नाही.

बदलून बघायचा असेल तर तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्टेज तंतोतंत तेवढंच. अँपिअर तेवढे किंवा जास्त. १ अँपिअरच्या जागी २ चालतो, १.५ च्या जागी १ चालत नाही. आणि पिनेचा आकार व ध्रुव, म्हणजे आतला धन की ऋण, हे चिठ्ठीवरच्या चित्राशी पडताळून. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर बसतो म्हणून लावला तर राउटर जळू शकतो. त्याआधी पिन सैल आहे का ते पाहा: चालू राउटरची पिन बोटाने हलकेच हलवली आणि दिवे विझले, तर दोष तिथेच सापडला.

डबा कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा दुसऱ्या गरम यंत्रावर ठेवलेला असेल तर बाहेर काढा. त्याच्या पोटाखालच्या फटी हवेसाठी आहेत, त्या झाकू नका.

तिसरी: दोन खिडक्यांची पिंग चाचणी

इथे थोडा वेळ घालवा. पुढची सगळी खटपट कुठल्या दिशेने करायची ते हीच तपासणी ठरवते, आणि हिला पैसा लागत नाही. संगणक हवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता दोन खिडक्या उघडा. एकीत त्या पत्त्याला पिंग (ping) लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. विंडोजमध्ये पिंग चार उत्तरांनंतर थांबतं, म्हणून शेवटी वजा चिन्ह आणि टी हे अक्षर (-t) जोडा. मॅक आणि लिनक्सवर ते आपणहून चालू राहतं. खिडक्या तशाच ठेवून रोजची कामं करा आणि नेट जाण्याची वाट बघा.

वाचताना जवळची खिडकी आधी वाचायची. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर दूरची खिडकीही कोरी राहणारच, तिचा वेगळा अर्थ लावू नका. केबलवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत येतं, वायफायवर साधारण २ ते १० मध्ये. मधूनच एखादा ५०-१०० चा आकडा उसळला तर घाबरण्याचं कारण नाही. वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड डुलकी घेतं, त्याचा तो परिणाम. पण सलग उत्तरं बुडाली किंवा शेकड्यांत गेली, तर दोष तुमच्या आणि राउटरच्या मध्ये, म्हणजे हवेत आहे.

राउटर नेमाने उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प आहे: हवेचा रस्ता निर्दोष आहे. दोष राउटरच्या पुढे, लाइनमध्ये किंवा लॉगिनमध्ये. चॅनल बदलत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही उत्तरं देतायत, तरी ब्राउझरमध्ये पान येत नाही: नावाचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

जमलं तर हीच चाचणी एकदा केबल लावून करा. वायफायवर दोष दिसतो आणि केबलवर नाही, एवढं सिद्ध झालं तरी अर्धं काम संपलं.

चौथी: हवेतला दोष

रेंज आधी आकड्यात बघा, दांड्यांत नको. वायफाय तपासणारं कुठलंही ॲप डीबीएममध्ये, म्हणजे लहरींचा जोर मोजण्याच्या एककात, आकडा दाखवतं. तो ऋण असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −५० उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, −७५ च्या पुढे तुटणं साहजिक आहे. राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटाशेजारी, आरशामागे किंवा फिश टँकजवळ असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी त्याला उंचावर, मोकळ्यावर आणा. धातू लहरी परतवतो, पाणी शोषतं. दांडीसारखा अँटेना उभा असेल तर लहरी आडव्या, कड्यासारख्या पसरतात, आणि त्याच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. राउटरच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावली असेल तर तीही काढून बघा, त्या पोर्टाचा आणि केबलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो.

मग चॅनल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारशेजारच्या चॅनलांत ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, आणि एक वायफाय किमान २० मेगाहर्ट्झ जागा घेतं. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल उरतात: १, ६ आणि ११. इथे एक चूक सर्रास होते. १ वर गर्दी, ६ वर गर्दी, म्हणून मधला मोकळा दिसणारा ३ निवडला जातो. वायफायची उपकरणं एकाच चॅनलवर असली की एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि पाळी धरतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवर त्यांना एकमेकांचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. ३ वर बसलेल्याला १ चाही त्रास आणि ६ चाही, शिवाय तो स्वतः दोघांना त्रास देतो. तेव्हा गर्दी असली तरी १, ६, ११ मधलाच एक घ्या, आणि रुंदी २० वर पक्की करा. ४० केल्यास पट्ट्याचा बराचसा भाग तुमचं एकच वायफाय व्यापतं.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आहे, पण त्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. राउटरला रडारसारखा स्पंद ऐकू आला की त्याने तो चॅनल सोडलाच पाहिजे. नवा चॅनलही याच गटातला असेल तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं, हवामान रडारच्या काही चॅनलांवर १० मिनिटं. या काळात ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतून गायब आणि २.४ चं जागेवर, असं चित्र दिसतं. तसं दिसत असेल तर चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्का करा. हे चार मिळून ८० मेगाहर्ट्झचा एक पूर्ण गट होतो. मात्र रुंदी १६० ठेवली तर तो गट ६४ पर्यंत पसरतो आणि राउटर पुन्हा रडारच्या हद्दीत जातो. या सेटिंगकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, तेव्हा तेवढं आवर्जून बघा.

पाचवी: केबल

दुसरी चांगली केबल लावून बघणं हीच तपासणी. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. १०० ला न लागणाऱ्या जोड्यांतली एक तार तुटली की जोडणी पूर्ण जात नाही. ती गुपचूप १०० वर उतरते किंवा दोन्हींमध्ये हेलकावत राहते, आणि प्रत्येक हेलकाव्याला काही सेकंद नेट जातं. संगणकात लिंकचा वेग बघा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून १०० दिसत असेल तर केबल किंवा तिचं टोक बाद. टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली असेल तर केबल शाबूत असूनही ती बदला.

सहावी: घरात दुसरा राउटर आहे का

रेंज वाढवायला जुना राउटर केबलने जोडला जातो आणि मग काही आठवड्यांनी तक्रार सुरू होते: कधी याचं नेट जातं, कधी त्याचं. दोन्ही राउटर पत्ते वाटतात आणि नव्याने जोडलेलं उपकरण ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतं. नेट गेलेल्या उपकरणाचा पत्ता आणि गेटवे बघा. बाकी सगळे १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि हाच १९२.१६८.० ने, किंवा गेटवे भलताच, तर चोर सापडला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उपकरणाला कोणीच पत्ता दिला नाही; तेव्हा राउटरमधला पत्त्यांचा साठा संपलाय का ते बघा. मोबाइल खोटा, बदलता मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) वापरत असेल तर एकच फोन वेगवेगळी नावं सांगून अनेक पत्ते अडवून ठेवू शकतो. साठा वाढवा, मुदत कमी करा.

दुसरा राउटर ठेवायचाच असेल तर क्रम असा. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि तो पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या साठ्याबाहेरचा ठेवा. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. मग मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनसाठीच्या) नको. आणि एकाच स्विचची दोन पोर्ट एका केबलने जोडली गेलेली नाहीत ना, तेही बघा. त्या वेढ्यात संदेश फिरत राहतात आणि सगळं घर ठप्प होतं.

सातवी: तुंबणं आणि मोठी पाकिटं

८.८.८.८ चं पिंग एरवी २० मिलिसेकंद आणि कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की ५००-१०००, असं असेल तर लाइन तुटलेली नाही. मोडेमच्या रांगेत पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, साचली आहेत आणि तुमचा कॉल त्या रांगेच्या शेवटी उभा आहे. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (रांगेला शिस्त लावणारी सेटिंग) असेल तर चढवण्याची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते.

ठरावीक संकेतस्थळंच अडकतात, बाकी सगळं चालतं, आणि जोडणी पीपीपीओईची, म्हणजे राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून लॉगिन करण्याची, आहे: मग एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराची सेटिंग, बघा. साधं पाकीट १५०० बाइटचं असतं, पीपीपीओई त्यातले ८ खातं, म्हणून सेटिंगमध्ये १४९२ हवं.

आठवी: फर्मवेअर, आणि अगदी शेवटी रीसेट

राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, म्हणजे फर्मवेअरची, नवी आवृत्ती आली असेल तर ती केबलवरून चढवा, वायफायवरून नाही, आणि चढत असताना वीज जाणार नाही असं बघा. रीसेट म्हणजे बंद-चालू नव्हे. टाचणीने दाबायचं ते बटण सगळी सेटिंग पुसतं. पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि (कंपनीने दिलेला असल्यास) व्हीलॅन या सेटिंगचा क्रमांक लिहून घेतलेला नसेल तर ते बटण दाबू नका. नंतर राउटर नवाकोरा असतो आणि नेट मात्र मुळीच येत नाही.

इथे थांबा, तंत्रज्ञ बोलवा

एलओएस दिवा लाल असेल तर. ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश −२७ डीबीएमच्या खाली गेला असेल किंवा त्याला टेकला असेल तर. इथे दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मागे −२१ होता आणि आता −२७ आहे, तर चौथाईच उरला. फायबर कुठे कपाटामागे चेपलंय का, ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळलंय का, एवढं बाहेरून बघा आणि वळण सैल करा. त्यापुढे जाऊ नका. टोक उघडून बोटाने किंवा कापडाने पुसू नका, डोळ्यासमोर धरू नका; त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो. हिरव्या आणि निळ्या टोकांची अदलाबदलही करू नका, त्यांची तोंडं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि एकमेकांना लावल्यास प्रकाश वाया जातो, टोकही खराब होतं.

ॲडॉप्टर फुगलेला, जळका वास येणारा किंवा हाताला चटका देणारा असेल तर मुख्य बटण बंद करून मगच काढा, आणि तो उघडू नका. वीज कडाडून गेल्यावर पोर्ट मेले असतील, किंवा घराबाहेरची तार लोंबत असेल, तरी स्वतः हात घालू नका.

आणि केबलवरून केलेल्या चाचणीत राउटर उत्तर देतोय, पुढे मात्र पाकिटं बुडतायत, तर ते काम कंपनीचंच आहे. फोन करताना “नेट जातं” एवढंच सांगितलं तर उत्तर ठरलेलं येईल: राउटर बंद-चालू करा. त्याऐवजी केबलवर चाचणी केल्याचं, नेट गेल्याच्या तीन-चार वेळा मिनिटांसकट, त्या वेळी कुठले दिवे कसे होते, अपटाइम किती होता आणि प्रकाशाचा आकडा किती होता, हे कागदावर लिहून समोर ठेवा. राउटरच्या सिस्टिम लॉगचा फोटोही काढून ठेवा, आणि तोही बंद-चालू करण्याआधीच. बऱ्याच राउटरांत तो लॉग वीज जाताच पुसला जातो.